फणीचा पिंजरा

पंडित जॉबरचा कान सुरतेजवळच्या सगळ्या कडोदऱ्यात मशहूर आहे, असं पंडित जॉबरचं स्वतःचं मत होतं. चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, एकदम धडधडत असताना कुठल्या लूमचा कुठला नट सैल झालाय, हे तो खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या, दारात चप्पल काढता काढता सांगायचा. जॉबर म्हणजे रुसलेले लूम ताळ्यावर आणणारा माणूस. या धंद्यात हत्यारं उसनी मिळतात, कान मिळत नाही. एका म्हाताऱ्या जॉबरला शेठने नारळ देऊन गावी धाडलं होतं, तेव्हा पंडितच सगळ्यांना सांगत फिरला होता, "कान गया, जॉबर गया." पारोळ्याहून सुरतेला येऊन त्याला अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत त्याने दुसऱ्या कशाचा फारसा गर्व केला नव्हता.

त्यामुळे सोनालीने, म्हणजे त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, घरात एखादं जनावर आणा म्हणून महिनाभर भुणभुण लावली तेव्हा निवड कानानेच होणार हे ठरलेलं होतं. सुरतेतल्या लिंबायतच्या त्यांच्या चाळीत निम्मी माणसं रात्रपाळीची, दिवसा झोपणारी. म्हणून चाळीचा कायदा एकच: दिवसा आवाज नको. कुकर नऊच्या आत. भांडणं पाचनंतर. कुत्रा, कोंबडी, पोपट यांना मनाई. मागच्या गल्लीतले लूम दिवसरात्र खडखडत, त्याने कुणाची झोप मोडत नसे. पण चमचा पडला की चार दारं उघडत.

शनिवारच्या बाजारात पंडितने पोपट नाकारले, मुनिया नाकारल्या. एक पांढरा ससा पसंत केला. सशाच्या शेजारच्या टोपलीत दोन गुबगुबीत प्राणी होते, तपकिरी-पांढरे, बिनशेपटीचे. विकणारा म्हणाला, गिनीपिग. पंडित टोपलीपाशी उकिडवा बसला आणि त्याने चांगला अर्धा तास कान लावला. प्राण्यांनी ब्रसुद्धा काढला नाही.

"एकदम मुकं जनावर," त्याने निकाल दिला.

सोनालीने बापाकडे नवलाने पाहिलं. पण नको तिथे तोंड उघडून हातात आलेलं जनावर घालवण्याइतकी ती खुळी नव्हती. तिने टोपली उचलली.

चाळीत पहिली हरकत आवाजाची निघालीच नाही. प्लेगच्या भीतीने अर्धं शहर स्टेशनवर लोटलं होतं त्याला दोनच वर्षं झाली होती, आणि उंदरासारखं दिसणाऱ्या कशालाही सुरतेत बरे दिवस नव्हते. चाळीतल्या शोभाबाईंनी गिनीपिगला चारी बाजूंनी पाहिलं, मग उचलून खालून पाहिलं. शेपूट नाही अशी खात्री पटल्यावर चाळीने परवानगी दिली.

पंडितने पहिला पिंजरा सफरचंदाच्या खोक्याचा केला. गिनीपिगांनी तो तीन दिवसांत कुरतडला आणि सशाने उरलेला संपवला. जॉबरच्या हातचं काम जनावराने खाल्लं, हे पंडितच्या मनाला फार लागलं. चौथ्या दिवशी तो खात्यातून चार जुन्या फण्या खांद्यावर टाकून घेऊन आला.

लूमची फणी म्हणजे पोलादी पट्ट्यांचा लांबलचक कंगवा. दर दोन पट्ट्यांमधून कापडाचे उभे धागे जातात. पट्ट्या वाकल्या की फणी भंगारात जाते. हवा खेळती राहते, आतलं दिसतं आणि पोलाद कुरतडणारा दात अजून देवाने केलेला नाही. फक्त एक अडचण होती. फणी कापली की तिच्या पट्ट्या सुटतात. दुसऱ्या कुणी जाळी आणली असती. पंडितने पिंजराच फणीएवढा केला.

फणी साडेचार फुटांची. खोली दहा बाय बारा. एका बाजूला पलंग, एका बाजूला ओटा, एका बाजूला दार-खिडकी. उरली ती शेजारच्या बाबुरावांच्या खोलीकडची भिंत. पंडितने दुमजली पिंजरा त्या भिंतीला चार खिळ्यांनी पक्का ठोकला. खाली ससा, वर गिनीपिग. लूम हलता कामा नये या शिस्तीत त्याची उमर गेली होती, त्यामुळे पिंजरा भिंतीशी असा एकजीव झाला की कुणी भिंत पाडली असती तरी पिंजरा राहिला असता. खाली विष्ठेसाठी सरकता पत्रा, पाण्याची बाटली उलटी, दाराला लूमच्या बीमची, म्हणजे सुताच्या रुळाची, कडी. सगळी चाळ बघायला आली. पंडितची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबुराव आले. बाबुराव परभणीकडचे, डाईंग मिलमध्ये रात्रपाळीला. डोळे तांबडे झालेले.

"काय हो जॉबर, झोपू देता का न्हाई? रातभर उभा ऱ्हाऊन यायलोय मी. तुमच्या जनावराची शिट्टी थेट उशाशी वाजायलीय."

"कुणाची शिट्टी?"

"त्या बिनशेपटीच्यांची!"

पंडित हसला. "बाबुराव, ते मुकं जनावर आहे. मी अर्धा तास कान लावून आणलंय."

बाबुराव दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. चौथ्या दिवशी शोभाबाईंनाही शिट्टी ऐकू आली. पंडितने सगळ्यांना बसवून पिंजऱ्याला कान लावला आणि मान हलवली. काही नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. पंडितला त्या बघण्यात हेवा दिसला. घरी कौतुकाचा पिंजरा उभा राहिला की शेजाऱ्याच्या पोटात दुखायचंच. पाणी भरताना नळावर त्याने सगळ्यांसमोर ऐकवलं, "झोप येईना, भिंत वाकडी. उगीच खोटं बोलतो हा माणूस."

बाबुरावांनी घरमालकाकडे तक्रार केली. घरमालकाचा निरोप आला: रविवारपर्यंत आवाज बंद, नाहीतर सोमवारी जनावरं बाहेर.

सोनाली रडली नाही. तिने फक्त पिंजऱ्यासमोर बसून घ्यायला सुरुवात केली. शाळेतून आली की दप्तरासकट तिथे. पंडितला तिची कीव यायची आणि बाबुरावांचा आणखी राग यायचा.

रविवारी सकाळी तो पिंजऱ्याची एक पट्टी ताणत होता. डावा तळवा फणीवर, उजव्या हातात स्क्रू पिळायचं डिसमिस. लाइट बंदचा वार होता, गल्लीतले लूमही थांबले होते. रंजना, त्याची बायको, बाजारातून आली. प्लास्टिकची पिशवी घेऊन आत शिरली मात्र, पंडितच्या तळव्याखाली फणी थरथरली.

अगदी बारीक. लूमवर उभ्या धाग्यांचा ताणा जास्त ओढला की थरथरते तशी. पंडितने हात उचलला, पुन्हा ठेवला. थरथर होतीच. वर दोन्ही गिनीपिग पट्ट्यांना नाक लावून उभे होते. माना वर, तोंडं उघडी.

"जुओ पप्पा, कोथमीर जोई," सोनाली शाळेतल्या गुजरातीत म्हणाली. त्यांना कोथिंबीर दिसली होती.

रंजनाने कोथिंबिरीची काडी आत सरकवली. थरथर थांबली. पंडितने काडी ओढून घेतली. फणी पुन्हा थरथरायला लागली. त्याने काडी दिली. थांबली. असं त्याने सहा वेळा केलं. आजवर त्याने बिघाड असाच शोधला होता. खोलीत काहीसुद्धा वाजत नव्हतं.

चालत्या लूमच्या पट्ट्यात सदरा सापडतो तेव्हा वाटते तसली भीती त्याला वाटली.

"हाऊ वरडी ऱ्हायना का?" त्याने घरच्या अहिराणीत विचारलं.

"रोजच वरडस," रंजना म्हणाली.

"माले आयकू येत नही, रंजना."

"माले माहीत शे. दोन वरीस व्हयनात." ती भाजी निवडायला बसली. "दूध उतू जाताना भांडं वाजस, ते तुम्हले आयकू येत नही. पोरगी बारीक आवाजमा हाक मारस, ती बी नही."

"मंग सांगं का नही?"

"तुम्ही दिवसभर कान, कान करतस. कोन सांगी?"

जनावरं उद्या बाजारात परत नेली असती तर गोष्ट या चार भिंतींत राहिली असती. आवाज बंद करायचा तर पिंजरा भिंतीपासून सोडवून, मागून आणि वरून गोधड्यांत गुंडाळायला हवा होता. पण तो बंद झाला की नाही हे सांगणारा कान एकच, भिंतीपलीकडचा. आणि बाबुराव आठवडाभर एकच अट घालत होते: आधी शिट्टी वाजते हे कबूल करा. कबूल केलं तर ते विचारणार, मग मला खोटं का पाडलं? खोटारडा की बहिरा, दोनातून एक व्हायचं होतं. त्यात बाबुरावांचा मेहुणा गणेश कडोदऱ्याला पंडितच्याच खात्यात कारीगर. बाबुरावांना सांगणं म्हणजे शेठच्या टेबलावर चिठ्ठी ठेवणं.

सोनालीने पिंजऱ्यासमोरून मान वळवून बापाकडे पाहिलं. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित पंडित चिडला असता आणि सुटला असता.

दुपारी त्याने बाबुरावांचं दार वाजवलं.

"शिट्टी वाजते," तो म्हणाला.

"मग आठवडाभर मला खोटारडा का केलं हो?"

"मला ऐकू येत नाही."

गॅलरीत धुणं वाळत घालणाऱ्या शोभाबाईंचा हात दोरीवर थांबला. म्हणजे आता गणेशच्याही आधी सगळ्या लिंबायतला कळणार होतं.

"बारीक आवाज येत नाहीत. लूमचा येतो. लूमचा येतो असं वाटतं," पंडित म्हणाला. खरं बोलायचं ठरवल्यावर त्याला मापात बोलता येईना. "पिंजरा गुंडाळतो. बंद झाला का, ते तुम्ही ऐका. माझ्याच्याने होणार नाही."

"बसा," बाबुराव म्हणाले. त्यांनी पलंगावरची स्वतःची गोधडी काढून बापामागून आलेल्या सोनालीच्या हातात दिली. "ही बी घ्या."

बाबुराव भिंतीला पाठ लावून पलंगावर बसले, समोर खुर्चीत पंडित. पलीकडे पंडितने खिळे काढून भिंतीपासून सोडवलेल्या पिंजऱ्यावर रंजना आणि सोनाली गोधड्या चढवत होत्या. खिडकीकडची बाजू तेवढी हवेसाठी उघडी ठेवली होती. मिलमध्ये आवाजात बोलता येत नाही म्हणून माणसं बोटांनी बोलतात, तसं बाबुरावांनी शिट्टी आली की बोट वर करायचं ठरलं. बोट वर गेलं. पंडितने भिंतीवर थाप मारली, आणखी एक गोधडी. बोट वर गेलं. थाप. चिंध्यांचं गाठोडं. बोट अर्धवट वर गेलं. थाप. मग बराच वेळ बोट मांडीवरच राहिलं.

सोनाली दारात आली. तिचा श्वास फुलला होता. आईने कोथिंबिरीची अख्खी जुडी समोर धरलीय, ती म्हणाली, आणि दोघंही कधी नव्हे इतक्या जोरात ओरडतायत. हे तिने मोठ्याने सांगितलं, पंडितच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून. ती घरात नेहमी अशीच बोलते हे पंडितच्या आत्ता लक्षात आलं.

बाबुरावांनी भिंतीला कान लावला. पंडितने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. बोट हललं नाही. त्या खोलीत त्या दोघांनाही सारखंच ऐकू येत होतं.