आमचे मालक

आधी चाबूक होता,

असं विजयसिंह म्हणाले, आणि कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माणसं कामाला लावायची विद्या पुण्यात शिकून आलेले धनी ते. भिंतीवर चित्रं पाडून त्या विद्येचा इतिहास सांगत होते. बिभीषण फोरमनला चित्रांची गरज नव्हती. विजयसिंहांचे वडील, आप्पा, कमरेचा पट्टा काढून इथं फिरायचे, तो इतिहास त्यानं पाठीवर वाचला होता.

मग घड्याळ आलं,

कुठल्याशा परदेशी साहेबानं मजुराची एकेक हालचाल मोजली म्हणे. तलवाड्याजवळच्या या जिनिंगमध्ये ते काम विजयसिंहांच्या धाकट्या भावानं, अमरसिंहांनी, मोबाइलवर केलं. बाया लघवीला किती वेळ लावतात, तेही मोजलं.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की मजुराला ‘जेवलास का’ विचारलं, तर तो जास्त राबतो,

त्या हंगामात इथं केक कापले. म्हाताऱ्या छबुबाईला आपला वाढदिवस माहीत नव्हता, तर ऑफिसनं तिला एक दिला.

आणि आता

“आता इथं मजूर कुणी नाही,” विजयसिंह म्हणाले. “सगळे मालक! आजपासून मला मालक म्हणायचं नाही. नुसतं विजयसिंह. मालक तुम्ही.”

“मंग आमच्या घरच्या मालकाला काय म्हणावं?” छबुबाईनं मागून विचारलं.

बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. नवऱ्याला मालक म्हणायचं, ही इकडची रीतच. बिभीषणची बायको कडूबाई सगळ्यांत जास्त हसली.

मालक दुकान बंद करत नाही

दिवाळीनंतर जिनिंगवर कापूस नुसता येऊन कोसळत होता. कडूबाईच्या मशीनमध्ये तो तुंबला. तिनं बटणाकडे हात नेला, तर मागे विजयसिंह.

“मालक कधी आपलंच दुकान बंद करतो का, कडूबाई? चालू राहू दे. हात घालून काढ.”

बिभीषण हाकेच्या अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं. कडूबाईनं हात घातला.

लाल झालेली रुई वेगळी काढली. बाकीची गाठीत गेली.

मालकाला सांगावं लागत नाही

तिच्या उजव्या हाताला एकही बोट राहिलं नाही. दवाखान्यातून आणल्यावर विजयसिंह स्वतः खोलीवर आले. खोली जिनिंगचीच, आवारातली.

“बिभीषणमालक, कारखाने तपासणारा साहेब उद्या येतोय. काय बोलायचं, ते मी सांगणार नाही. मालकाला सांगावं लागत नाही.” जाताना त्यांनी वर पाहिलं. “पत्रे नवेच टाकलेत ना आपण? झकास. राहा निवांत.”

“खरं तेच सांगा,” ते गेल्यावर कडूबाई म्हणाली. “माझा हात मीच खाल्ला, असं व्हायला नको.”

“व्हय,” बिभीषण म्हणाला.

मालक कोण?

“मशीन चालू असताना हात का घातला?” साहेबानं कडूबाईला विचारलं.

“मालक म्हणले, बंद करू नको, हात घाल.”

“कोणते मालक?”

विजयसिंह हसले. “साहेब, मला इथं कुणी मालक म्हणत नाही. विचारा.”

साहेबानं विचारलं. छबुबाईपासून सगळ्यांनी खाली मान घालून सांगितलं, “विजयसिंहच म्हणतो आमी.” खोटं नव्हतं ते.

साहेब बीडचाच. त्याची आई त्याच्या वडिलांना मालकच म्हणायची. त्याची नजर बिभीषणवर गेली.

“ह्ये न्हाई हो साहेब!” कडूबाई ओरडली. “ह्यांच्यावर कावून घालता? त्ये, त्ये!”

“बोट दाखवा, बाई.”

तिनं सवयीनं उजवा हात उचलला. फडक्याचा गोळा. समोर दोघं अंगाला अंग लावून उभे, विजयसिंहांचा हात बिभीषणच्या खांद्यावर. गोळा दोघांकडेही रोखलेला. डाव्या हाताचं बोट वर येईपर्यंत बिभीषण बोलून मोकळा झाला होता.

“मी सांगितलं, साहेब. मीच.”

“अगं माय,” छबुबाई म्हणाली.

“नवऱ्याच्याच हलगर्जीपणानं,” साहेब लिहिता लिहिता पुटपुटला.

“याला म्हणतात जबाबदारी घेणं,” विजयसिंह बाकीच्यांकडे वळून म्हणाले. “शिका.”

आमचे

संध्याकाळी बिभीषण हातपाय धुऊन चुलीपुढं बसला. लग्नापासून ‘अहो मालक, वाढलंय’ ऐकत आला होता. त्याचीच वाट बघत बसला.

“ये बिभीषण.”

त्यानं आधी मागं वळून पाहिलं, दारात कुणी गडीमाणूस आलाय का. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं ते उखाण्यात, तेही लाजत. कडूबाई लाजली नव्हती. शेजारच्या खोल्यांतली भांडी वाजायची थांबली.

“तुलाच म्हणते. ऊठ बे. भाकर थापायला बोटं लागतेत.”

तो उठला आणि परातीत पीठ घेऊ लागला.