नवरीमागचा मामा

मंगलाष्टकांना नवरीचा मामा तिच्या पाठीशी उभा राहतो, हे आष्टीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर बारा वर्षं लग्नाचेच फोटो काढतोय. तरी विसरलो. खरं सांगू? विसरलो नाही, मला पर्वाच नव्हती.

स्वप्नालीच्या लग्नाच्या तोंडावर नवी लेन्स आली होती. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवला की लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा आपला आपण जुळवून घेतो. आकडा लहान, तर छिद्र मोठं; मग जिच्यावर फोकस ती तेवढी लख्ख आणि मागचं सगळं धूसर. एवढं कळलं आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. आकडा एक पॉइंट आठवर नेला आणि दिवसभर तिथून हलवला नाही. उजेड भरपूर होता. आठवर नेला असता तर मागचा माणूसही नीट आला असता. बोटाखालचं एक चाक फिरवायचं होतं, बस.

स्वप्नालीच्या मागं मुंजाजीमामा होते. तिचे वडील लवकर गेले, पोरीला मामांनीच वाढवलं. सकाळपासून ते वाढप्यांमागं पळत होते. घरच्यांच्या ग्रुप फोटोलाही आले नाहीत. अष्टकं सुरू झाली तसे टोपी नीट करून उभे राहिले.

"युवराज, मी येतो ना रं फोटूत?"

"येताव की मामा!" मी डोळा न काढता म्हणालो.

शेवटच्या अक्षता पडेपर्यंत मामा जागचे हलले नाहीत.

दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेले आणि फडातच छातीत कळ येऊन गेले. दहाव्याच्या आधी स्वप्नाली दुकानात आली.

"दादा, मामाचा फोटू पायजे, हार घालायला. आधारवरला तर वळखूच येईना. आल्बममधीबी नीट न्हाईत. बाकीचे दाखवा की."

मी चौसष्ट फोटो उघडले. तिच्या मुंडावळ्यांचा मणी न् मणी मोजता येत होता. मागं टोपीचा पांढरा ठिपका आणि त्याखाली तपकिरी डाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाइलमधल्या अ‍ॅपनं तो डाग स्पष्ट करून पाहिला. अ‍ॅपनं नाक-डोळे दिले, पण कुणा भलत्याचेच.

"हे मामा न्हाईत," ती म्हणाली. "पहिलाच दाखवा."

त्या धूसर फोटोकडं ती बराच वेळ बघत राहिली. चूक माझी आहे, सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. शब्द ओठांवर आले होते.

"हालले आसतील," तीच म्हणाली आणि डोळे पुसत हसली. "लई धांदल जिवाला. येका जागी कवा उभे ऱ्हायले ते?"

"हो ताई," मी म्हणालो. "जरासे हालले."