नजरेने बेतलेला कोट

शिंपीबुवांनी चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावली नव्हती. माणूस उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत त्याचं माप बुवांच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं. "देवानं एवढी माणसं घडवली, कुणाला टेप लावली का?" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसत. पण यंदा दोन सदरे परत आले, एका विजारीचा डावा पाय उजव्याहून लांब निघाला, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे. दुकान बंद करू या."

बुवांनी मुलाला शब्द दिला. एकच कोट बेततो. अंगाला बसला तर दुकान चालू, नाही बसला तर बंद.

कोट होता जुन्या मित्रासाठी, नदीकाठच्या एका पुरातन गावातल्या नावाड्यासाठी. बारा वर्षांत गाठभेट नव्हती. बुवांनी मित्र डोळ्यांपुढे आणला, त्यावर वयाचा हिशेब चढवला आणि पोटाला चांगलं चार इंच कापड जास्त धरलं. साठी उलटली की माणूस पुढून वाढतो, हा त्यांचा पक्का अनुभव.

कोट घेऊन बुवा त्या गावी पोचले, तेव्हा थंडी अशी होती, की बोललेला शब्दसुद्धा वाफ होऊन दिसत होता. गावाच्या दगडी वेशीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या होत्या. त्यांच्याखाली नावाडी हात पसरून उभा होता. बुवांनी त्याला पाहिलं आणि कोटाचं गाठोडं काखेत दडवलं. नावाडी होता तसाच होता. वल्ह्यासारखा, सरळ आणि सडपातळ.

घरात वहिनींनी, नावाड्याच्या बायकोनं, चूल पेटवलेली होती. खिडकीखाली नदी धुकं पांघरून पडली होती. नावाड्यानं कोट चढवला. खांदे बरोबर बसले, बाह्याही. पुढचा भाग मात्र पोटापाशी तंबूसारखा झुलायला लागला.

"शिंप्या, लेका, यात मी मावतो, माझी नाव मावते, वर दोन उतारू!"

"अहो, गप्प बसा की," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू आवरेना. "भावजी, ह्यांना बायको मिळाली, पण पोट काही मिळालं नाही बघा."

बुवाही हसले, पण हसता हसता स्टुलावर बसले. "संपलं रे बाबा," ते म्हणाले. मग दोन परत आलेले सदरे, ती विजार, मुलाला दिलेला शब्द, सगळं सांगून टाकलं.

नावाडी कोटासकट शेजारी बसला. "तुला काय वाटलं, मी धुक्यात अजून डोळ्यांनी नाव चालवतो? तीन वर्षं झाली, पलीकडचा काठ मला दिसतच नाही. ही काठावर उभी राहून गाते. मी आवाजाच्या रोखानं येतो."

"गाते कसली," वहिनी म्हणाल्या, "तेच एक भजन. देवसुद्धा कंटाळला असेल."

"देव कशाला कंटाळतोय? तो पोचवतोय ना मला!"

बुवा स्टुलावरून उठले. "वहिनी, एक सुतळी द्या," ते म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माणसाच्या छातीभोवती सुतळी फिरवली, पोटाभोवती फिरवली, प्रत्येक मापाला गाठ मारली. नावाडी गुदगुल्या झाल्यासारखा उड्या मारत होता. "हलू नकोस, घोड्या!" बुवा ओरडले.

सुई वहिनींनी ओवून दिली. शिवण बुवांनी उसवली आणि बोटांच्या अंदाजानं पुन्हा घातली. टाका एकदाही वाकडा गेला नाही. दुपारी कोट चढवून नावाडी काठावर जाऊन सगळ्यांना दाखवून आला.

बुवांनी मुलाला फोन लावला.

"बसला का कोट?"

"नाही बसला," बुवा म्हणाले. "डोळ्यांनी बेतलेला नाहीच बसला. शब्द दिला होता, तेव्हा बंद म्हणशील तर बंद. पण मग माप घेतलं, आणि मग बसला."

मग मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही माप घेतलंत? खरंच?"

"घेतलं रे."

"मग सोमवारी मी शटर उघडून ठेवतो. तुम्ही या सावकाश."

बुवांनी फोन ठेवला तोवर वहिनी ट्रंकेतून लोकरीचं कापड काढून समोर उभ्या होत्या. "भावजी, मला कुणी कोट शिवणार की मी काठावर अशीच कुडकुडत गाऊ?"

"हात वर करा, वहिनी," बुवा म्हणाले, आणि त्यांनी सुतळीच्या गाठी सोडायला घेतल्या.