बाकावरची प्रांजल

लीगचा पहिला सामना दाखवायला गोकुळनं देवळापुढच्या पटांगणात मोठा पडदा लावून घेतला. महिलांची देशपातळीवरची व्यावसायिक बास्केटबॉल लीग यंदा पहिल्यांदाच भरत होती. आठ शहरांचे आठ संघ, तीन महिने सामने, आणि पुण्याच्या संघातल्या बारा जणींत एक कासुर्डीची प्रांजल, गोकुळची धाकटी बहीण. गावाला या खेळाचं फारसं काही ठाऊक नव्हतं, तरी दीडशे माणूस जमलं. धुरपदाबाईंनी तर लेक दिसायच्या आधीच पडद्याला ओवाळून घेतलं.

चाळीस मिनिटं खेळ झाला. पुण्यानं सामना मारला. प्रांजल गळ्यात टॉवेल टाकून जी बाकावर बसली, ती उठली फक्त टाळ्या वाजवायला.

"गोकुळराव," मागनं कुणीतरी आवाज टाकला, "बसायलाच पुण्याला धाडली व्हय? त्याला आपला पार काय वाईट हुता?"

हशा पिकला. वडील हौशीराम आपली खुर्ची उचलून घरी गेले.

गोकुळच्या मनाला ते लागलं. या पोरीनं काय काय सोसलंय ते त्यानं बघितलं होतं. आठवीपासून ती यवतहून गाडी धरून दौंडला जायची. रेल्वेत फिटर असलेले जालिंदरमामा तिथं सिमेंटच्या कोर्टावर पोरींना खेळ शिकवायचे. पाच फूट अकरा इंच उंची. लग्नाच्या बाजारात जी अडचण, ती मामांच्या कोर्टावर दौलत ठरली. पोरगी राज्याकडून खेळली. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण खेळाचं नाव काढू नका. तिनं पाच वर्षं दम धरला, आणि सत्ताविसाव्या वर्षी लीगच्या निवडीत नाव आणून दाखवलं.

पण सामन्यामागनं सामने झाले. सहा सामन्यांत मिळून प्रांजल चार मिनिटं मैदानात उतरली. गोकुळनं पडदा परत करून टाकला. सासुरवाडीला, मांडवगण फराट्याला गेला, तर सासरे कोंडिबाआप्पा चारचौघांत विचारायचे, "काय पाव्हणं, ताईसाहेबांनी किती चेंडू टाकलं?" गोकुळ शेवग्याच्या शेंगा चघळत बसायचा.

मधे दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून प्रांजल घरी आली. दुपारी सगळे जेवायला बसले, आणि ती डाव्या हातानं भाकरी मोडायला लागली.

"प्रांजल! डाव्या हातानं खातीस?" धुरपदाबाई ओरडल्या.

"सवय करतीया, आई. चारच दिवस."

"कसली मेली सवय?"

प्रांजल नुसती हसली. संध्याकाळी ती शेतात वहिनीबरोबर अ‍ॅस्टरची फुलं तोडायला बसली, तेही डाव्या हातानं. दांडे वेडेवाकडे तुटले. अक्षदावहिनीनं शेवटी तिच्या हातातनं टोपली काढून घेतली. गोकुळला वाटलं, गुडघ्याचं झालं, आता उजव्या हाताचंही काहीतरी दुखणं दिसतंय आणि पोरगी लपवतेय.

त्या काळजीनंच तो पुढच्या गुरुवारी फुलं घेऊन पहाटे मार्केट यार्डात गेला, गाडी मोकळी केली आणि तशीच संघाचा सराव चालायचा त्या बालेवाडीकडे वळवली. प्रशिक्षक अनुपमा मॅडमनी त्याला ओळखलं नाही, पण प्रांजलचा भाऊ म्हटल्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटलेला सदरा बघून हसल्या आणि वर बसायला सांगितलं.

खाली सराव चालू होता. एका बाजूला पुण्याच्या मुख्य पाच जणी. समोरच्या पाचांत पिवळी बनियन घातलेली एक उंच मुलगी सगळ्यांना पळवत होती. डावरी. चेंडू घेण्याआधी एक खांदा खाली टाकायची, अर्धं पाऊल मागं घ्यायची आणि हवेत गिरकी मारून डाव्या हातानं फेकायची. गोकुळ भान हरपून बघत राहिला. ही आपल्याकडून का खेळत नाही, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात ती वळली. ती प्रांजल होती.

"रविवारी कोचीशी उपांत्य सामना आहे," अनुपमा मॅडम शेजारी येऊन बसल्या. "त्यांची जिन्सी नावाची मुलगी आहे, डावरी. यंदा तिला कुणालाच अडवता आलेलं नाही. म्हणून गेले दहा दिवस आमच्याकडे जिन्सी रोज सरावाला येते." त्यांनी पिवळ्या बनियनकडे बोट केलं. "मागच्या पंधरवड्यात हीच दिल्लीची सेंटर होती, बास्केटखाली उभी राहणारी. त्याआधी हैदराबादची चेंडू पुढं नेणारी गार्ड. रात्रंदिवस व्हिडिओ बघते, चाल उचलते, श्वाससुद्धा तसा घेते. मला असे चौदा संघ शिकवून झालेत. असं कोणी पाहिलं नाही."

"मंग सामन्यात का घेत न्हाई तुम्ही तिला?"

मॅडम म्हणाल्या, "सरावात मधेमधे थांबता येतं, सामन्यात गुडघा दहा मिनिटांच्या वर साथ देत नाही. तिला ते माहीत आहे. हे काम तिनंच मागून घेतलंय."

खाली त्याची बहीण घामानं निथळत कप्तान हर्षदाला सांगत होती, "खांदा बघू नकोस, खांदा खोटा असतो. माझं मागचं पाऊल बघ."

रविवारच्या सामन्याला गोकुळ आई-आबांना घेऊन गेला. जालिंदरमामाही दौंडहून आले. जिन्सीनं पहिल्यांदा चेंडू घेतला, खांदा टाकला, आणि हर्षदा हललीच नाही. जिन्सीचं पाऊल मागं जायच्या आत हर्षदा तिथं उभी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जिन्सीनं चिडून चेंडू बाहेर फेकला. दर सामन्याला पंचवीस गुण करणारी ती पोरगी त्या दिवशी नऊवर अडकली.

चौथ्या सत्रात पाच-पाच फाउल होऊन पुण्याच्या दोघी बाहेर गेल्या तेव्हा प्रांजलला दोन मिनिटं मिळाली. तिनं एक पास चुकवला आणि एक बास्केट केली. पुणे चार गुणांनी जिंकलं. सगळ्या पोरी हर्षदाच्या अंगावर पडल्या, आणि हर्षदा त्यांच्यातनं वाट काढत थेट प्रांजलकडं गेली. तिनं तिला उचलायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. दोघी खाली बसल्या.

"आबा, कळलं का काय झालं?" गोकुळनं विचारलं.

हौशीराम चष्मा पुसत होते. "मला न्हाई कळलं. पर जालिंदर रडतोय, म्हंजी काहीतरी मोठं झालं आसंल."

अंतिम सामना पुणे हरलं, सात गुणांनी. चेन्नईची सेंटर सहा फूट चार इंच होती. तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

प्रांजल घरी आली ती तेच मनात घेऊन. "तिला मी सरावात नीट उभीच करू शकले न्हाई, दादा. खुर्चीवर चढून बघितलं. हातात झाडू धरून बघितला. पाच इंच कुठनं आणू?"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"पुढच्या वर्षीचा करार दिलाय. याच कामासाठी."

गोकुळनं जरा चाचरत विचारलं, "तुला सोताला खेळावं वाटत न्हाई गं?"

"वाटतं की," ती म्हणाली. "रोज वाटतं. पर मी उतरले तर दहा मिनिटं खेळंन. बाहेरनं मी त्या पाची जणींत चाळीस मिनिटं असते."

पंधरा दिवसांनी मांडवगणला कोंडिबाआप्पांनी नेहमीचा प्रश्न काढला. या खेपेला गोकुळ उठला, अंगणात उभा राहिला आणि सांगायला लागला. डावरी जिन्सी, खोटा खांदा, मागचं पाऊल, हातातला झाडू. सांगता सांगता त्यानं एक गिरकीही मारून दाखवली आणि पडता पडता वाचला. कुणी हसलं नाही. आप्पांनी पान लावायचं थांबवलं होतं.

"म्हंजी आठ संघांतल्या चांगल्या चांगल्या पोरी," आप्पा सावकाश म्हणाले, "एकट्या तिच्या अंगात हुत्या?"

"व्हय, आप्पा."

"मंग तिला एकदा घिऊन ये हिकडं," आप्पा म्हणाले. "आमच्या शाळंतल्या पोरींना बघू दे."