लहान जोडी, मोठी जोडी

माणसाने आपल्या एका तरी इंद्रियावर आंधळा विश्वास ठेवावा, असं कानसेन सगळ्यांना सांगत आला होता. त्याने तो कानावर ठेवला होता, आणि गेले तीन दिवस त्याला पस्तावा होत होता.

कानसेन हे टोपणनाव. धंदा पियानो सुरात लावण्याचा. तीस वर्षं या कानांनी घर चालवलं. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, तेव्हा जुना रेडिओ त्या ऐसपैस जागेत फारच केविलवाणा वाजू लागला. नवे स्पीकर घ्यायचं ठरलं आणि घोळ सुरू झाला. पुस्तकांच्या फळीवर मावणारे लहान घ्यावेत, की जमिनीवर उभे राहणारे कमरेइतके उंच? दुकानदाराने दोन्ही जोड्या घरी पाठवल्या. "चार दिवस ऐका. तुमच्या कानाला मी काय सांगणार?"

जोडणी मेहुण्याने केली. त्याला त्यातलं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. अँप्लिफायरला दोन बटणं होती, प्रत्येक जोडीचं वेगळं. कानसेन पाठ करून, डोळे मिटून बसला. पियानोही तो डोळे मिटूनच लावायचा.

"हे लहान," मेहुणा म्हणाला. मग खट्. "आणि हे मोठे. छाती कशी दणाणते बघा, भावजी."

कानसेनची छाती होती तशीच होती.

"पुन्हा लाव."

खट्. खट्.

"ताई, तुला तरी कळतंय ना?"

"न कळायला काय झालं?" बायको म्हणाली. "मोठ्यांनी घर भरल्यासारखं वाटतं. आणि लहान घेतले तर माझी पुस्तकं काय डोक्यावर ठेवू?"

शिडी परत करायला आलेल्या शेजाऱ्यालाही जमीन-अस्मानाचा फरक ऐकू आला. शिडी खांद्यावर असतानाच.

कानसेनने खुर्ची हलवली, पडदे सरकवले, कान धुतले. तिसऱ्या दिवशी सूर तपासायचा नादकाटा ठोकून कानाशी धरला. काटा बरोबर वाजला. पण बरोबर वाजला हे ठरवणार कोण? कान तोच. मग त्याने सभागृहाच्या व्यवस्थापकाला फोन केला.

"शनिवारचा पियानो दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या."

"का हो, बरं नाही का?"

"मी बरा आहे. पियानो राहणार नाही."

फोन ठेवून तो मेहुण्याला म्हणाला, "मोठेच ठेवू. तुम्हा सगळ्यांना कळतंय, तेवढं पुरे."

बायको लगेच रिकामी खोकी आवरायला लागली. मोठ्या खोक्याच्या तळातून तिने एक पुडकं काढलं. "अहो, ही वायर कसली?"

पुडक्याची चिकटपट्टी अजून शाबूत होती. मेहुण्याने ते उलटसुलट करून पाहिलं, मग उभ्या स्पीकरच्या मागे जाऊन वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आणि तू मोठ्यांचं बटण दाबायचास, तेव्हा लहानांचं बंद करत होतास ना?" कानसेनने विचारलं.

"ते बंद करायचं असतं का?" स्पीकरमागून आवाज आला.

कानसेनने घाईघाईने पुन्हा फोन लावला. शनिवारचं काम दुसऱ्याला देऊन झालं होतं.