वळणावरचा खडखडाट

फरशीवाल्यांच्या घराला शिस्त होती आणि ती आपल्यामुळेच आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. संध्याकाळी ते दारात पाऊल टाकत तेव्हा चहा उकळलेला असे, मुलगी पुस्तकात डोकं घालून बसलेली असे आणि बायको निमूटपणे भाजी निवडत असे. फरशी बसवणारा माणूस, खिशात सदैव पातळी तपासायची लेव्हल. घरातही त्यांना कुठे उंचसखल खपत नसे.

त्या शिस्तीत बसत नव्हती ती फक्त त्यांची जुनी पिकअप. मागे एकदा ती दगडांच्या ढिगावर चढली आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांबलचक शाफ्ट चेपला, त्याच्या टोकाचा क्रॉस नावाचा सांधा खिळखिळा झाला. तेव्हापासून घराजवळच्या वळणावर वेग कमी केला की गाडीच्या पोटातून खडाक, खडाक, खडाक. गिऱ्हाइकं हसत. आपल्यावर कोणी हसलं की फरशीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

घरच्यांना मात्र त्या गाडीचा भारी पुळका. "राहू द्या हो, म्हातारीला कशाला छळता?" बायको म्हणे. "बाबा, पुढे गाडीच बदलू," मुलगी म्हणे. मेहुणा स्वतः मेकॅनिक, पण तोही "पार्ट मिळत नाही, दाजी" म्हणत टोलवाटोलवी करत होता. शेवटी फरशीवाल्यांनी भंगार बाजारातून धड शाफ्ट शोधून आणला आणि त्याच्या गॅरेजात आदळला.

मेहुणा नाइलाजाने गाडीखाली शिरला. गंजलेले बोल्ट पान्याला दाद देईनात. शेवटचा सुटला तसा शाफ्ट धपकन खाली आला आणि गिअरबॉक्समधलं ऑइल मेहुण्याच्या बाहीत शिरलं.

"नव्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे हे काट्यासारखे कान एका रेषेत पाहिजेत, नाहीतर गाडी थरथरेल," तो म्हणाला. फरशीवाल्यांनी लगेच लेव्हल काढून लावली.

"दाजी, अजून विचार करा."

"कसला विचार?"

"काही नाही. ताईला एक फोन करतो."

"आधी बोल्ट आवळ. फोन कसले करतोस कामात?"

मेहुण्याने बोल्ट आवळले. जुना शाफ्ट गोणपाटात गुंडाळून हौद्यात टाकला आणि फरशीवाले निघाले. वळणावर गाडी लोण्यासारखी वळली. त्यांना धन्य धन्य वाटलं.

दाराशी आले तर आतून त्यांचाच आवाज येत होता.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. कानावर पेन्सिल खोचून, हातात लाटणं घेऊन बायको उभी होती. लाटणं तिने मुलीच्या डोक्यावर आडवं धरलं होतं. "डावीकडे कललीयस. हे घर आहे का धर्मशाळा?" अगदी तोच घोगरा आवाज, तेच नाक फेंदारणं. मुलगी पोट धरून लोळत होती. मग बायकोलाही हसू आवरेना.

फरशीवाल्यांचा हात दाराकडे गेला आणि तिथेच थांबला. हे हसू त्यांनी लग्नानंतर सुरुवातीला ऐकलं होतं. ते कधी बंद झालं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. बंद झालं नव्हतंच म्हणा, फक्त त्यांच्यापुरतं मिटलं होतं. आत्ता दार ढकललं की पुन्हा मिटेल, हे त्यांना स्वच्छ कळलं. राग आला नाही. फार एकटं वाटलं.

चोरपावलांनी ते गाडीत बसले, वळणापलीकडे गेले, जुन्या शाफ्टवरचं गोणपाट सोडलं आणि पुन्हा घराकडे आले. शाफ्ट हौद्यात गडगडला. खडाक, खडाक, खडाक.

आत चहा उकळत होता. मुलगी पुस्तकात होती.

"बदलला नाही वाटतं?" बायकोने भाजीवरून नजर न उचलता विचारलं.

"बदलला. जुना हौद्यात लोळतोय. भंगारवाल्याचं दुकान बंद होतं."

"असू दे. गाडीत जागा कुठे अडतेय?" ती म्हणाली आणि तिने कप पुढे केला.

भंगारवाल्याचं दुकान त्यानंतर रोजच बंद असतं. फरशीवाले संध्याकाळी वळणाच्या अलीकडे गाडी उभी करतात, इंजिन बंद करतात आणि काच खाली घेऊन बसतात. घरातलं हसू तिथवर ऐकू येतं. ते ओसरलं की मगच गिअर टाकतात.