झिजलेली खाच

हातभर लांबीची, दुमडत्या दस्त्याची एक जुनी सबमशीन गन तुमच्याशी बोलते आहे, मित्रांनो. घाबरू नका. माझ्यात आता एकही गोळी नाही.

कारखान्यात पत्रा वाकवून, जोड देऊन मला घडवलं. माझी गोळी पिस्तुलाची, पण एका दमात मी तीस सोडायचे. लांब रायफल जिथे अडते तिथे मला नेत: रणगाड्याच्या पोटात, ट्रकच्या केबिनमध्ये, अरुंद जिन्यात. सैनिक माझं कौतुक करत आणि मला ते आवडायचं. एका शहरातल्या झडतीत प्रत्येक दारातून माझी नळी आधी आत गेली. त्या खोल्यांत मी काय केलं, ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

पुढे शत्रूच्या छातीवर चिलखत आलं आणि माझ्या गोळ्या त्यात अडकू लागल्या. रायफलीही आखूड झाल्या. मग पायदळाने मला सोडलं आणि मी ड्रायव्हर लोकांच्या वाट्याला आले.

माझ्या पोटात लोखंडाचा एक जड ठोकळा आहे. तो मागे जाऊन पुढे आपटला की गोळी सुटते. दणका बसला तरी तो आपोआप सरकू नये, म्हणून त्याला अडवणारी एक खाच असते. माझी खाच झिजली होती. शस्त्रागारातल्या मिस्त्रीने ती बोट फिरवून ओळखली. त्याने माझ्या पट्ट्याला लाल चिठ्ठी बांधली आणि मला वेगळं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचे ट्रक निघायचे होते. एक शस्त्र कमी पडत होतं. तुकडीच्या साहेबांनी मला उचललं, चाप ओढून पाहिला.

“चालतेय ना? मग चालू दे,” ते म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठी काढून खिशात घातली. मिस्त्री समोर उभा होता.

ट्रकवर ड्रायव्हर होता आणि त्याचा जोडीदार वायरलेसवाला. सहा वर्षं दोघं एकाच केबिनमध्ये बसत होते. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून रोज भांडत आणि एकाच डब्यात जेवत. त्या दिवशी रस्ता शांत होता. दुपारी पुलाजवळ ट्रक थांबला. मला खांद्याला अडकवून ड्रायव्हरने खाली उडी मारली आणि माझा दस्ता लोखंडी पायरीवर आपटला. एकच गोळी सुटली. खाली उभा राहून वायरलेसवाला पाणी पीत होता. ड्रायव्हरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की मी चापाला हात लावला नाही रे. ऐकणारा तोवर गेला होता.

चौकशीत सगळं ड्रायव्हरच्या निष्काळजीपणावर ढकललं जात होतं. चिठ्ठीचा कुठेच उल्लेख नव्हता. तेव्हा मिस्त्री न बोलावता उभा राहिला.

“चिठ्ठी मी बांधली होती. साहेबांनी ती काढली, तेव्हा मी समोरच होतो,” तो म्हणाला. “मी गप्प बसलो.”

ड्रायव्हर सुटला, पण त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. साहेबांची बदली झाली. मिस्त्रीची नोकरी गेली.

नवऱ्याचं सामान न्यायला वायरलेसवाल्याची बायको आली. मिस्त्री त्या वेळी किल्ल्या परत करत होता. तिने मला पाहायला मागितलं. टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

“हिची देखभाल कोण करत होतं?”

“मी,” मिस्त्री म्हणाला.

चौकशीत तो काय बोलला, ते तिच्या कानावर आलं होतं. ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. “त्या सकाळी बोलला असतात तर?” एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

उद्या मला कापून वितळवणार आहेत. मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझी गरजच पडू नये, हे बरं. पण मित्रांनो, कुठलीही धोक्याची वस्तू दिसली तर समोर कितीही मोठा माणूस असो, तोंड उघडा. वायरलेसवाल्याच्या दोन मुली तुमच्याच वयाच्या आहेत. वर्गात कुणी विचारलं, तर आपले बाबा लढाईत गेले असंही त्यांना सांगता येत नाही.